पोहता येतं का

बांधावर, टिनाच्या शेडखाली माझं टेबल.
पट्टी सापडली नाही म्हणून सोसायटीच्या पावतीपुस्तकाच्या कडेनं
रजिस्टरात सहा रकाने आखले मी:
नाव, गाव, मोबाइल, जाकीट नंबर, गेले, आले.
सातवा बापानं वाढवायला लावला:
पोहता येतं का.

नागपूरचे येतात, रायपूरचे, एकदा तर पार पुण्याहून,
लांब नळकांड्यांत गळाच्या काड्या घेऊन,
रबरी बेडूक, पत्र्याच्या चकचकीत मासोळ्या घेऊन.
मरळ धरतात, मापतात, तिच्यासंगं फोटो काढतात
आणि सोडून देतात.
बाप म्हणायचा, "पैसे देऊन उपाशी जातेत हे लोक, बाई."
आता म्हणत नाही. इंजिनातलं पेट्रोल त्याच पैशाचं.

सातव्या रकान्यात पुरुष सगळे "हो" लिहितात,
पेन न उचलता.
बायका आधी नवऱ्याकडे पाहतात, मग "थोडं थोडं".
आजवर एकच "नाही":
साकोलीकडचे एक मास्तर. अक्षर सुरेख काढलं त्यांनी
आणि जाकिटाचे तिन्ही पट्टे स्वतःच आवळले.

जाकिटं अकरा. नारिंगी होती कधीकाळी.
सात नंबरचं बक्कल तुटलं, तर बापानं जाळ्याच्या दोऱ्यानं
गाठ मारली, आमची नेहमीची,
भिजली की आणखी आवळणारी.
रात्री जेवता जेवता उठला, ती उसवून आला.
"पान्यात एका हातानं सुटाले पायजे."
नवं बक्कल गोंदियाहून यायला दीड महिना.
तेवढे दिवस सात नंबर खुंटीवर
आणि बोटीत एक माणूस कमी.

त्या दिवशी आठ जण होते. वैशाख.
त्यांचे डबे उरकेस्तोवर पहाडीमागून आभाळ
बसलेली म्हैस उठावी तसं आधी मागून, मग पुढून, उठून उभं राहिलं.
वारा नाही. पाणकावळे वेळेआधीच खुंटांवर.
बापानं पाण्यात हात बुडवला, शर्टाला पुसला,
"आता नाई जी. वावधन येते."

आठांतला एक, गळ्यात साखळी, हातात बुकिंगची पावती:
"ढिवर ना तुम्ही? ढिवर होऊन पाण्याला भिता?"

इथं सांगायला हवं, माझ्या बापाचं नाव दुर्योधन.
आजानं दंडारीत ते सोंग घेतलं, त्या साली हा जन्मला.
त्या दुर्योधनाची गोष्ट बाप अर्धीच सांगतो:
लढाई हरला, डोहात शिरला,
पाणी थिजवून तळाशी बसला. वाचलाच होता.
वरून कोणी टोचून बोललं
आणि ते त्याला सोसलं नाही.
"पान्यानं नाई मारलं त्याले. बोलन्यानं मारलं."

माझा बाप बसून राहिला.
दोराचा आणखी एक वेढा खुंट्याला दिला,
कानावरची बिडी काढली, पेटवली नाही.
साखळीवाला पावती हलवत होता.

वावधन आलं नाही.
आभाळ तसंच सरकत कुठं गेलं कोण जाणे,
चार वाजता लख्ख ऊन, पाणी ताटासारखं.
आठ जणांचे पैसे मी मोजून परत दिले,
चिल्लर कमी पडली ती पानठेल्यावरून आणली.
जाताना ते हसले. गाडीच्या काचा वर जाईपर्यंत ऐकू आलं.
बाप म्हणाला, "चाललं. हासनं बरं."

मग जाळी पाहायला निघाला, एकटाच, डोंग्यातून.
टेबलापाशी थांबला.
"माह्यं बी नाव लिही."
लिहिलं. सातव्या रकान्यात "हो" टेकवणार
तोच बोट ठेवलं त्यानं कागदावर.
"नाई लिही."
या बांधाच्या ह्या टोकाचं त्या टोकाला जाणारा माणूस!
"लिही ना व. हो लिवनारा जाकीट मांगते का कधी?"

सात नंबर घेऊन गेला.
गेले: पाच चाळीस.
पुढचा रकाना मोकळा ठेवून
मी पेनाचं टोपण लावलं नाही.