चारही

नारिनच्या बाजारामागे, गंजक्या कंटेनरला लागून
माझं टायरचं दुकान.
ऑक्टोबर संपत आलाय. बादलीतल्या पाण्यावर
दुधावर साय धरावी तसा सकाळी बर्फ धरतो,
आणि उलुक, माझा पोऱ्या, तो बोटानं फोडून
हात काखेत घालून उभा राहतो.

बुरुल एजे आली ती सरळ ढिगाकडे.
वरच्या खोऱ्यातली सुईण. सहा गावं, एक जीप.
पोट चाचपावं तसं तिनं रबर चाचपलं,
नख रोवून पाहिलं. "हे छान दिसतंय."
मी म्हटलं, दिसतंय खरं. जपानहून आलंय, नक्षी अजून खोल आहे.
पण कडेचे चार आकडे वाच:
सदतिसावा आठवडा, साल अकरा.
रबराचंही वय होतं, एजे, फक्त सुरकुत्या नसतात.
"माझ्या आहेत," ती म्हणाली, आणि ते टायर
पायानंच बाजूला सारलं.

मग मी तिला दुसरी रांग दाखवली.
तीन शिखरांत बर्फाची चांदणी, असा शिक्का बघून घे.
नुसती अक्षरं कोणीही छापतो.
हे थंडीत मऊ राहतं. नक्षीतल्या या केसाएवढ्या चिरा
बर्फाला चिमटीत धरतात.
आणि हे खिळ्यांचं.
कोरड्या डांबरावर दाणे भाजल्यासारखं वाजेल,
पण नदीकाठच्या वळणावर, जिथे ऊन मार्चपर्यंत पोचत नाही,
तिथे काचेवर चालायचं असतं. तिथे खिळाच.

"दोन दे," ती म्हणाली. "पुढची दोन. पैसे दोनाचेच आहेत."

दोन मी देत नाही.
पुढचं धरेल, मागचं सुटेल,
गाडी स्वतःच्याच शेपटीमागे फिरेल.
"माझी चारही चाकं ओढतात," ती म्हणाली,
जीपच्या बॉनेटवर थाप मारून, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

ओढतात ना. ओढायला चार आहेत.
थांबवायला तर साध्या गाडीलाही चारच असतात, एजे.
इंजिन तुला घाटमाथ्यावर नेऊन सोडतं,
उतारावर तू असतेस आणि हाताच्या पंजाएवढं रबर,
चार ठिकाणी.

ती म्हणाली, "जाताना घाई असते. येताना मला कुठली घाई?"

मी पाना पुसत राहिलो.
मग विचारलं, आणि येताना मागच्या सीटवर
कोणी असतं तेव्हा?

ती काही बोलली नाही.
उलुकनं आमच्याकडे पाहिलं आणि उगाच
जॅक शोधायला गेला. जॅक त्याच्या पायाशीच होता.

मी चारही चढवली.
खिळ्यांची, एका जातीची, एका वयाची.
दोनाचे पैसे घेतले, उरलेले कंटेनरच्या दारावर
खडूनं लिहिले, आधीच्या नावांखाली. तिथे
एका मेंढ्याचा हिशेब आहे, दोन पोती बटाट्यांचा,
आणि एक नाव, जे मी तीन वर्षं पुसलेलं नाही.
त्यानं दोनच नेली होती.
तेव्हा मी दोन देत असे.

ती निघताना सांगितलं: पहिले पाचशे किलोमीटर हळू चालव,
खिळे बसू देत. हवा दर आठवड्याला बघ,
थंडी हवासुद्धा खाते.
"बाळंतिणीला सांगते तसं सांगतोस," ती म्हणाली
आणि खिडकी वर केली.

रात्री भुरभुरलं.
सकाळी दुकान उघडायच्या आधी रस्त्यावर
तिच्या गाडीच्या खुणा होत्या,
दोन्ही बाजूंनी बारीक टिंबं, घट्ट घातलेल्या टाक्यांसारखी,
वरच्या खोऱ्याकडे गेलेली.

परतीच्या अजून नव्हत्या.
उलुक म्हणाला, चहा टाकू?
टाक म्हटलं, आणि झाडू घेऊन
रस्ता सोडून बाकीचं अंगण झाडलं.