पळायला जागा

सुरुवात सूरसागरला केली, घराजवळ म्हणून.
दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत
दांडिया बाजारातल्या अर्ध्या माहेरानं अडवलं.
"अगं मृणालिनी, काय झालं? घरी बरे आहेत ना सगळे?"
बेचाळिसाव्या वर्षी पळणारी बाई म्हणजे
कुणीतरी दवाखान्यात
नाहीतर गॅसवर दूध.
पोतनीस वैद्यांच्या ओट्यावरून एक काठी हलली,
"हळू गं, पडशील."
तळ्याच्या मधोमध महादेव उभा. तो काही बोलला नाही,
पण चौथ्या वळणावर वाटलं, तोही मोजतोय.

मग पोलो ग्राउंड. तिथं भरतीची पोरं,
अनवाणी, पायाला मातीचे मोजे,
आणि तोंडातली शिटी न काढता शिव्या देणारे त्यांचे झाला सर.
"आंटी, साइड!" चाललं असतं.
एकजण मात्र मागं वळून, मनापासून, म्हणाला,
"आंटी, सरस!"
दुसऱ्या दिवशी गेले नाही.

अकोट्याचा पूल चांगला होता,
डोक्यावर सौर पाट्या, वारा, चढ सोसवेल इतकाच.
पण माझ्या स्कूटरचा तो रोजचा रस्ता.
कितीही पळा,
ड्यूटीला उशीर झाल्यासारखंच वाटायचं.

कमाटी बागेत हास्य क्लब.
माझ्यावर नाही हसत, हे मला पक्कं माहीत होतं.
पाचव्या मिनिटाला, बरगडीखाली टाचणी टोचत असताना,
माहीत असणं पुरत नाही.
त्यांना चुकवत चुकवत मागच्या बाजूला आले,
विश्वामित्रीवरच्या पुलापाशी.
खाली चिखलात एक ओंडका पडलेला.
श्वास घ्यायला थांबले
तर ओंडक्यानं तोंड उघडलं.

तेव्हापासून इथंच.
फाटक ते पूल, पूल ते फाटक, अकरा वेळा.
मगर उन्हाला पडलेली असते, जबडा तसाच उघडा,
वाक्य सुरू करून विसरल्यासारखा.
तिला माझं वय नको, वेळ नको,
नवऱ्याची बदली कुठं झाली ते नको.
फार तर वजन बघत असेल.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
माझ्या वजनाकडे कुणीतरी आशेनं बघतंय.

प्रद्युम्न एका रविवारी घड्याळ घालून आला.
"हे फक्त दोनशे मीटर! रेसकोर्सला चल, सपाट आहे, मोठा राउंड आहे."
मी बुटाची नाडी बांधत बसले.
बांधलेलीच होती.

त्याला सांगितलं नाही:
रात्रपाळी असते तेव्हा मी ब्लड बँकेतून थेट इथं येते.
परवा पहाटे ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या मागितल्या,
फ्रीजमध्ये दोन होत्या.
मी सगळीकडे फोन केले. आणंदला, भरूचला,
कुणाकुणाच्या झोपेत.
काचेपलीकडे एक माणूस उभा होता,
फॉर्म हातात धरून, उलटा.
सहा वाजता चार्ज दिला, हात धुतले, पुन्हा धुतले,
आणि हे घरी न्यायचं नव्हतं.
त्या दिवशी किती फेऱ्या झाल्या माहीत नाही.
मगरीनं एकदा पापणी मिटली, आडवी,
तिची मिटते तशी.
बस, तेवढंच.

आज ती नव्हती.
चिखलात नुसता पोटाचा ठसा, लांबच लांब,
कडेला पाणी भरू लागलेलं.
मी कठड्याशी वाकले आहे तोवर
एक पोरगा धापा टाकत आला,
शाळेचे बूट, शर्ट बाहेर, हातात अर्धं बिस्कीट.
"मासी, मगर छे?"

गुजरातीत 'आहे',
आणि आमच्या घरात 'कुठली आलीय'.
मी पाण्याकडे बघत म्हटलं, "छे."
कुठल्या भाषेत ते त्याचं त्यानं ठरवावं.

तो कठड्याला लटकून बघत राहिला.
माझी आठवी फेरी चालू होती, का सातवी.
सातवीच धरली.