पाच गुणांचा प्रश्न

फळ्यावर सन लिहिला, अठराशे तीन,
आणि पुसून टाकला.
केळणेच्या अलीकडे आमची शाळा,
पलीकडे असईचं रान.
सप्टेंबरात पाणी पोटरीएवढं,
पोरं चपला हातात घेऊन उतरून येतात.

म्हणलं, आज कोण जिंकलं ते नाही विचारायचं.
तिकडं, तुमच्याच बाजरीत, एक शिपाई मुक्कामाला आहे.
लढाई दुपारी.
त्याची सकाळ लिहा.

आधी नुसत्या तलवारीच निघाल्या दप्तरातून,
आरोळ्या, टीव्हीतले घोडे, टीव्हीतली पागोटी.
मग दैवशालानं विचारलं,
सर, त्याला पगार मिळतो का?
थकलाय, मी म्हणलं, चार महिन्यांचा.
तिनं मान हलवली, घरातलंच काही ऐकल्यासारखी,
आणि खाली बघून लिहायला लागली.

गयबूच्या शिपायाला जोडा चावतो.
दुसऱ्याच कुणाच्या मापाचा,
म्हणून टाचेशी कापसाचा बोळा कोंबलाय.
आसमानं तोफेचा गाडीवान घेतला.
त्याचं नाव विचारलं तर
तिनं बैलांची सांगितली, बाराही.
आणि त्याला घोर एवढाच
की बार झाला की डावीकडचा बुजतो.

कुणी उवा लिहिल्या.
कुणी भाकर लिहिली, शिळी, वर ठेचा,
अर्धी खाल्लेली, अर्धी
संध्याकाळसाठी फडक्यात बांधून ठेवलेली.
हे वाचून झालं
आणि वर्गात बराच वेळ
कुणी पानसुद्धा उलटलं नाही.

वाल्मीकची वही कोरी.
काहून रे?
तर म्हणतो,
सर, रातभर चालून आलाय तो.
झोपलाय.
कसं उठवू?

पुढच्या आठवड्यात चाचणी आली, छापील.
युद्धाची कारणे लिहा. गुण पाच.
वाल्मीकनं लिहिलं,
'त्याला कारण माहीत नव्हतं.
मुकादम चल म्हणला, म्हणून आला.'
त्याच्या घरचे दिवाळीनंतर कारखान्याला जातात,
कोयते, भांडी, शेळीसकट.
आदर्श उत्तरात हे कुठंच बसत नव्हतं.
लाल पेन उघडून मी बसलो.
दीड दिला.
खोडून तीन.
केंद्रप्रमुख विचारतील तेव्हा बघू.

आता शाळा सुटली की
पोरं नदीत मधेच थांबतात.
आसमा वाकून पाण्याचा तळ चाचपते,
बैलाचा पाय ठरेल का म्हणून.
गयबू दगडावर बसतो टाच धरून,
खरंच दुखत असल्यासारखा.
वाल्मीक पलीकडच्या बांधावरून
बाजरीकडं बघत, पाय न वाजवता जातो.

आभाळ भरून आलेलं असतं.
मी काठावरून हाक देतो, चला रे, उचला पाय,
आणि माझा आवाज मलाच
कुण्या जमादाराचा वाटतो.