साधनं

पोलिसांच्या फायलीत फेलिम मॅकअलिंडन डावखुरा.
बहीण डिम्फ्ना म्हणते, छे, उजवाच;
डाव्या हाताची दोन बोटं तर
लिननच्या गिरणीत गेली, सोळाव्या वर्षी.
संघटनेच्या स्मरणिकेत
तीच बोटं शिपायांनी तोडली आहेत.

तुरुंगातून निघालेली चिठ्ठी, सिगारेटच्या कागदावर.
भिंगाखाली धरली, हुकूम असेल म्हणून.
"कुत्री व्याली का? एक पिल्लू ओवेनसाठी ठेव."
ओवेन कोण,
अख्ख्या गावात कुणाला सांगता येईना.
किंवा सांगायचं नव्हतं.

न्यूरीच्या बेकरीवाल्याची वही:
मॅकअलिंडन, दोन पाव, उधार.
ज्या मंगळवारी पुलाखाली स्फोट झाला
त्या मंगळवारीही दोन पाव, उधार.
म्हणजे तो घरी होता?
की पाव न्यायला दुसरंच कुणी आलं?
बेकरीवाला पिठाचे हात झटकतो.
"वही बापाची. बाप गेला, उधारीही गेली."

शेवटी हेझल मॅकिल्वेन.
नवरा पुलावरून दुधाची गाडी नेत होता.
टेप सुरू केली. त्यांनी चहा ओतला.
अकरा मिनिटं नुसती घड्याळाची टिकटिक,
एकदा खुर्ची करकरली,
मग: "साखर घेतलीत ना तुम्ही?"

टंकलेखिकेने तेवढंच वाक्य उतरवून पाठवलं.
मी त्यावर आकडा टाकला, एकेचाळीस.
पानाच्या तळाशी एकेचाळीसपुढे काय लिहायचं
ते पुस्तक छापखान्यात गेलं तरी
ठरलं नाही.