मिस्ड कॉल

नियम एलिशाने केला :
तलफ आली की एक रिंग द्यायची आणि कापायची.
ज्याला गेली त्याने लगेच उलटा फोन करायचा,
बोलायचं कशावरही,
त्या एका गोष्टीवर सोडून.
तलफ सात मिनिटांची पाहुणी, तो म्हणायचा,
सात मिनिटं तर माणूस
द्वारका सर्कललासुद्धा निमूट उभा राहतो.

आम्ही चौघं.
एलिशा साळवे, शरणपूरचा,
लोकांच्या पेट्यांचे फाटके भाते शिवणारा.
मुनाफभाई, भद्रकालीत अत्तराचं दुकान,
बावीस वर्षं स्वतःच्या मालाचा वास न आलेला.
विभावरी कातकाडे, बँकेत कॅशियर,
ओढायची हेच घरी माहीत नाही,
म्हणून सोडल्याचं कौतुकही
कुणाला सांगता येत नाही.
आणि मी. सातपूर, लेथ, तिसरी पाळी.

पहिले पंधरा दिवस टपरीवरून जाताना
दोरीला टांगलेला लायटर
मला ओळखून हलायचा.
मी रिंग द्यायचो.
विभावरी सांगायची फाटक्या नोटांचे नियम,
मुनाफभाई सांगायचा, वाळा कसा गाळतात.
एलिशा काहीच सांगायचा नाही,
पेटीची एक काळी पट्टी दाबून धरायचा
भात्यातली हवा संपेपर्यंत,
मग विचारायचा, गेली?
गेलेली असायची.

मार्चमध्ये मुनाफभाईची रिंग आली भर दुपारी.
घाबरून लावला, तर म्हातारा रडत होता :
अरे, आला! मोगऱ्याचा!
गिऱ्हाइकाला बाटली दाखवली आणि आला!

एलिशाची रिंग मात्र कुणालाच कधी आली नाही.
आम्हाला वाटायचं,
त्याचं काय, तो पोचलेला माणूस.

जानेवारीत रात्री तीन दहाला आली. एकच. कट.
मी मशीन बंद करून गेटपाशी आलो,
थंडी अशी की बोटांना फोन कळेना.
लावला.
पलीकडून हॅलो नाही. नुसता श्वास.
आत. थांबा. मग सावकाश बाहेर.
हा थांबा मला ओळखू येणार नाही?
एकोणीस वर्षं मी त्याच थांब्यावर राहत होतो.

नियम पाळला. बोलत सुटलो :
शाफ्ट दोन शतांशाने गेला, सुपरवायझर बोंबलतोय,
पोरीचा दात हलतोय, ती ओढू देत नाही,
निफाडकडे पारा उतरलाय,
बागांना ऊब म्हणून लोक रात्रभर धूर करून...
जीभ चावली.

तो हसला. खोकला. मग म्हणाला,
दिवाळीपासून. रोज दोन.
तुमचे फोन घेताना
एका हातात पट्टी असायची,
दुसऱ्यात ती.

राग आला. खोटं कशाला बोलू.
भाता मारायलाही एक हात लागतो,
हा हिशेब माझ्या उशिरा लक्षात आला.
कधी कधी नुसताच आवाज का थरथरायचा, तेही.
पण त्या सात मिनिटांत मी नव्हती ओढली,
हेही कुणी खोडू शकत नव्हतं.

संपलं सगळं, तो म्हणाला, शून्य झालं.
मला मोठं काही सुचत नाही रात्रपाळीत.
म्हटलं, विभावरी सांगते,
विसाची नोट फाटली
आणि निम्म्याहून जास्त तुकडा शिल्लक असला
तर बँक पूर्ण वीस देते.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
या वेळी श्वासात थांबा नव्हता.

सकाळी पाळी सुटल्यावर तसाच शरणपूरला गेलो,
अंगाला कूलंटचा वास.
विभावरी डबा घेऊन आधीच आलेली,
घरी सांगून : मैत्रिणीकडे जाते.
पेट्यांच्या उघड्या पोटांमध्ये
एलिशा मान खाली घालून बसला होता.
कुणी काही विचारलं नाही.
मुनाफभाईने त्याचा हात ओढला,
मनगटावर काडी टेकवली.
सांग, कसलं?

एलिशाने हुंगलं. पुन्हा हुंगलं.
धुराचं, म्हणाला.

बरं, मुनाफभाईने बाटलीचं बूच लावलं.
उद्या परत विचारतो.