नमुना क्रमांक एकतीस

पाषाणचं वसतिगृह, मे महिना,
एसी फक्त सर्व्हरच्या खोलीला.
आम्ही चोवीस जण, कुणी इंफाळचं, कुणी मिरजेचं,
आणि मी शनिवार पेठेची,
घर इतकं जवळ असून इथेच राहणारी.

आज नमुना एकतीस. मुलगी. वय सहा.
जिना चढताना हात गुडघ्यावर ठेवते,
एवढंच लिहिलंय. नाव पुसलेलं.
तीन अब्ज अक्षरांत एका ठिकाणी
सीच्या जागी टी.

माझे बाबा मुद्रितशोधक.
वेलांटी पहिली की दुसरी,
यापायी त्यांनी कितीदा ताटातला भात गार केलाय.
त्यांचीच मी. कर्सर तिथे नेऊन म्हणाले, सापडली!

मागे तांबोळी मॅडम, हातात कोकम सरबत.
कुठल्या प्रतीशी ताडतेयस?
त्या प्रतीत आपली माणसं किती, मोजलीस?
चूक नसेलही, वल्लरी. बोली असेल.

रात्री बाबांना फोन लावला.
ते म्हणाले, अशा जागी आम्ही
समासात प्रश्नचिन्ह काढतो
आणि लेखकाला विचारतो.

इथे कुणाला विचारू?
बाबा जरा थांबले. मग म्हणाले,
जेवलीस का?

रकान्यात लिहिलं: अर्थ अनिश्चित.
आईवडिलांचे नमुने मागवावेत.
ससूनच्या बाकावर बसलेल्या कुणाला तरी
हे वाचून दाखवतील. नीट दाखवोत.

मेसमध्ये खिचडी संपली होती.
नुसतं ताक पिऊन वर निघाले,
आणि तिसऱ्या पायरीवर
माझा हात गुडघ्याकडे गेला,
उगाच.