परत जोडण्याआधी

गच्चीवर बारा पॅनेल, दक्षिणेला कललेली.
जिन्याखाली, जिथं कूलरचं वाळा-गवत ठेवायचो,
तिथं आता कमरेएवढी एक मुकी पेटी.
"बाईजी, इसको धूप मत दिखाना,"
बसवताना कुशवाह म्हणाला, आणि मला हसू आलं.
उन्हावर जगते, पण तिला ऊन सोसत नाही.

पहिला उन्हाळा पेटीशिवाय काढला.
मे महिना, दुपारचे दोन, ग्वाल्हेर सेहेचाळीसवर,
दौलतगंजात लाइट गेली
आणि आमची पॅनेलं ऐन उन्हात ठार बंद.
भदौरिया काकी कठड्यावरून म्हणाल्या,
"सूरज तो ऊपर ही है, फिर तुम्हारी क्यों गई?"
मला उत्तर ठाऊक होतं. दिलं नाही.

उत्तर दादांच्या डाव्या हातात होतं.
तीन बोटांचा हात.
ब्याऐंशी साल, कंपूकडचा खांब,
वरून लाइन बंद केल्याची चिठ्ठी खिशात,
आणि खालच्या गल्लीत एका लग्नघरानं
मेन स्विच न पाडताच जनरेटर लावला.
मेलेली तार उलट्या बाजूनं जिवंत झाली.

म्हणून यंत्राला आधी विझायला शिकवलंय.
तारेची नाडी लागेना की
तेही आपला श्वास सोडतं,
वर कोणी असेल, एवढ्या एका शंकेवर.
त्या शंकेला मी हात जोडले असं नाही.
घामाघूम बसून शिव्याही दिल्यात.

आता लाइट जाते, तेव्हा जिन्याखाली खट.
गल्लीची तार सुटते, घराचं बेट होतं.
बाहेर एक थेंब जात नाही;
आत पंखा, आईचं इन्सुलिन, राउटरचा हिरवा डोळा.
बेटावर बरं वाटतं. लपवत नाही.
पण अंधारात काकींच्या हातपंख्याची
वेळूची काडी करकरते, ती ऐकू येते,
आणि त्यांचे चार मोबाइल
आमच्या ओट्यावर, एका बोर्डाला लोंबत.

एरवी दिवसा उलटंच.
पेटी भरते, तरी ऊन उरतं,
ते तारेवरून निघून जातं.
कुणाकडे? भांड्यावर घालतात तसं
विजेवर नाव घालता येत नाही.
बहुधा काकींच्याच कूलरला;
वीज लांब कशाला जाईल, जवळ तहान असताना.
मीटर तेवढा दोन्हीकडच्या वाट्या मोजतो,
नेलेली, आणलेली,
आणि महिनाअखेर वजाबाकीचा एक कागद.

लाइट येते. गल्लीभर पोरांची आरोळी.
पेटी मात्र धावत नाही.
ऐकत बसते: तारेचा ठेका, सेकंदाला पन्नास,
जरा मागे, जरा पुढे.
दोघी दोरी फिरवतात आणि तिसरी
बाहेर मान डोलवत उभी राहते, तशी.
मध्येच शिरली तर पायात येईल.
पाच मिनिटं. कधी सहा.

दादा घरचं बटणसुद्धा
हाताच्या पालथ्या बाजूनं दाबायचे, मरेपर्यंत.
आई चिडायची.

कुशवाह म्हणतो, ही वेळ कमी करता येते का, विचारून बघतो.
राहू दे, म्हटलं.
तेवढ्यात कुणी खांबावरून उतरत असेल,
पाना कमरेला खोचून,
खाली पायानं चपला चाचपत.